पोट न फाडता थांबवलेला रक्तस्राव

जठरातला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सरमधून रक्त वाहू लागले की कधी रक्ताची उलटी होते, तर कधी शौचाला डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे होते. या दुसऱ्या लक्षणात लाल काही दिसत नाही, म्हणून घरचे लोक दोन-दोन दिवस निर्धास्त राहतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण त्याला तो चिकटपणा आणि वास नसतो.

अल्सरमागे मुख्यतः दोन कारणे असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरासारख्या शेतीच्या गावात कंबर धरली, गुडघे दुखले की डायक्लोफेनॅकसारखी गोळी औषधाच्या दुकानातून थेट घेणे नवलाचे नाही. अल्सरखेरीज रक्तस्रावाचे आणखी एक कारण यकृताचे. दारूने किंवा काविळीच्या जुनाट संसर्गाने यकृत आकसले की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, आणि त्या फुटल्या तर रक्त झपाट्याने जाते.

पूर्वी अशा वेळी पोट उघडावे लागे. आता बहुतेकांचे काम एंडोस्कोपीवर भागते. तोंडावाटे दुर्बीण आत जाते. रक्त येणारी जागा दिसली की तिथे अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतात, आणि जोडीला धातूची क्लिप लावतात किंवा उष्णतेने रक्तवाहिनी बंद करतात. नुसत्या इंजेक्शनवर भागवणे पुरेसे मानत नाहीत, कारण रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. अन्ननलिकेतल्या शिरांना रबरी बँड लावतात. जठरातल्या फुगलेल्या शिरांत गोंदासारखे द्रव्य टोचतात. अल्सरचे रक्त एंडोस्कोपीने थांबले नाही, तर मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत नेऊन वाहणारी शाखाच आतून बुजवतात. ते काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे, आणि असे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच जास्त सापडतात.

एंडोस्कोपी साधारणपणे २४ तासांत व्हावी, शिरांचा संशय असेल तर १२ तासांत. पण त्याआधी सलाइन आणि गरजेप्रमाणे रक्त देऊन रक्तदाब सावरायचा असतो; घाईने दुर्बीण घालणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून १०८ ची रुग्णवाहिका बोलावणे आणि लोणीचे प्रवरा रुग्णालय किंवा अहिल्यानगर गाठणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध हृदयविकारासाठी असेल, तर ते मनाने बंद करू नये. रक्त थांबल्यावर जिवाणूची तपासणी होते. तो सापडला तर साधारण दोन आठवड्यांचा अँटिबायोटिक्सचा कोर्स पुरा करावा लागतो.