भाड्यासाठी नव्हे, भावासाठी

मुंबई मेट्रो मार्ग ९ च्या दहिसर पूर्व ते काशीगाव टप्प्यावर चाचणीची गाडी धावली १४ मे २०२५ रोजी. घरांच्या जाहिरातींत ती २०१८ च्या मंजुरीपासूनच धावते आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या काशीगावात फ्लॅट घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथे राहायला येणार नसतात. त्यांचा पैसा भाव वाढण्यावर लागलेला असतो.

पूर्वी हिशेब वेगळा होता. मुंबईच्या गिरणगावात चाळी बांधणारे व्यापारी भाड्याच्या उत्पन्नाकडे बघत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आडोसा मिळाला खरा, पण मालकाकडे डागडुजीपुरतेही पैसे उरेनात, मग नवी चाळ कोण बांधणार? १९६३ च्या ‘मोफा’ कायद्याने मालकीच्या फ्लॅटच्या व्यवहाराला चौकट दिली. पुढे गृहकर्ज आणि करसवलती आल्या, त्यामुळे सगळे खापर भाडे कायद्यावर फोडता येत नाही. तरी २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीतले आकडे बोलके आहेत: देशातल्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, २०११ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला.

हिशेबापुरता साठ लाखांचा फ्लॅट धरा, भाडे महिना सोळा हजार. वर्षाचे झाले १ लाख ९२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा केली की किमतीच्या तीन टक्क्यांच्या आतच उरतात. कर्जाचे व्याज आठ टक्के असले, तर हा व्यवहार भाड्याच्या जोरावर उभा राहूच शकत नाही. म्हणून काही मालक अकरा महिन्यांच्या कराराची कटकटही नको म्हणतात आणि फ्लॅटला कुलूप लावून ठेवतात.

भाव वाढतो तो मात्र सरकारी खर्चाने. मेट्रो मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए). सूर्या धरणातून येणाऱ्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजनाही एमएमआरडीएचीच. त्यातले २१८ दशलक्ष लिटर काशीगावासह मिरा-भाईंदरसाठी. टँकरवर दिवस काढलेल्या शहरात नळाचे पाणी म्हणजे थेट चौरस फुटाचा दर. जमिनीचा गुंता वेगळाच. मिरा, भाईंदर, घोडबंदर या शेजारच्या भागात १८७० च्या ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर हक्क सांगणाऱ्या इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या ना हरकत दाखल्यासाठी बिल्डर आणि सोसायट्या वर्षानुवर्षे खेटे घालत आल्या. अशा अडथळ्यांची किंमतही शेवटी फ्लॅटच्या दरातच चढते.

मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का अधिभार घेतात. तो भरतो खरेदीदार, पहिलेच घर घेणारासुद्धा. मंजुरीच्या वेळी फ्लॅट घेऊन कुलूप लावून बसलेल्याला तो लागू नाही. मला ही उलटी वसुली वाटते. बंद घरावर जादा घरपट्टी बसवणे अधिक न्याय्य ठरेल.

खासगी पैशाची मर्यादा बघायला काशीगावाबाहेर जावे लागत नाही. जनतानगर आणि काशीचर्च या झोपडपट्ट्यांत शहरी गरिबांसाठी बीएसयूपी योजनेतून पक्की घरे बांधायची ठरली. महामार्ग तोच, मेट्रोही तीच, पण या घरांच्या भाववाढीवर पैसा लावणारे कुणी नव्हते. ती योजना अनेक वर्षे रेंगाळली.