बंद खोलीतल्या पाण्याची दहा वर्षं

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ ला तिथं किरकोळ विक्री सुरू झाली. डेन्व्हरमधली जुनी गोदामं लागवडीसाठी भराभर भाड्यानं गेली. छताला हजार-हजार वॉटचे सोडियम दिवे, खाली कुंड्यांच्या रांगा. खर्चाचा हिशोब दिव्यांपासून सुरू व्हायचा, मग एसीची पाळी यायची आणि जे उरेल त्यात हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर बसवला जायचा. पुढची दहा वर्षं या धंद्यानं हा क्रम उलटा करण्यात घालवली, असं मला वाटतं.

मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं फार थोडं झाडाच्या अंगी लागतं. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पानांवाटे हवेत जातात. शेतात ती वाफ वाऱ्यावर जाते. या खोल्या मात्र मुद्दाम बंद ठेवलेल्या. वाढ जोमानं व्हावी म्हणून आत कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, तो बाहेर घालवणं परवडत नाही. शिवाय उग्र वासाच्या तक्रारी आणि कीड यांचीही धास्ती. डेन्व्हरची बाहेरची हवा एरवी कोरडी, पण तिचा उपयोग करून घेण्याची वाटच बंद. म्हणजे दिवसाला दोनशे लिटर पाणी झाडांनी प्यायलं, तर जवळपास दोनशे लिटर पाणी यंत्रानं परत गोळा करायला हवं. यंत्र निवडण्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. तरीही बरीच वर्षं ते खोलीच्या क्षेत्रफळावरून मांडलं गेलं, कारण यंत्रं घराच्या तळघरांसाठी विकली जात आणि त्यांच्या खोक्यांवर चौरस फूटच छापलेले असत. तळघरात पाणी पिणारी झाडं नसतात.

खोक्यावरचा दुसरा आकडा त्याहून फसवा होता. 'दिवसाला ७० पिंट', म्हणजे सुमारे ३३ लिटर, ही क्षमता २७ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेला मोजलेली असे. फुलोऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत खोली २४ अंश आणि ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते. हवा जितकी थंड आणि कोरडी, तितकं तेच यंत्र कमी पाणी काढतं. जून २०१९ पासून अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं घरगुती यंत्रांची चाचणी १८ अंशांवर आणली आणि कालचं ७० पिंटांचं यंत्र ५० पिंटांचं झालं. आतलं यंत्र तेच, मोजमाप मात्र अधिक प्रामाणिक. लागवड करणाऱ्यांपैकी अनेकांना तेव्हा कळलं, की कुठल्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला हे विचारल्याशिवाय लिटरच्या आकड्याला अर्थ नाही.

घरगुती यंत्रांचं आणखी एक प्रकरण विसरू नये. २०१३ मध्ये ग्री या चिनी कंपनीनं बनवलेले, निरनिराळ्या नावांखाली विकले गेलेले वीस लाखांहून अधिक डीह्युमिडिफायर अमेरिकेत परत मागवले गेले. ते तापून पेट घेत होते. आठवडेच्या आठवडे न थांबता चालणाऱ्या यंत्राबद्दल ही बातमी किती गंभीर आहे, ते वेगळं सांगायला नको.

पण मला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो तो उष्णतेचा. वाफेचं एक लिटर पाणी झालं की सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता सुटते. त्यात कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज मिळवा. ही सगळी उष्णता त्याच खोलीत पडते आणि ती काढायला एसी. म्हणून डीह्युमिडिफायर वाढवले आणि एसी तेवढाच ठेवला, तर खोली तापते. एसी वाढवला तर तो लवकर थंडावा देऊन थांबतो आणि ओल तशीच राहते. दिवे विझले की हे उघडं पडतं. फुलोऱ्यात बारा तास अंधार असतो. दिवे गेले की उष्णता थांबते, एसीही थांबतो, पण पानं आणि माती वाफ सोडत राहतात, हवाही गार होते आणि आर्द्रता झपाट्यानं चढते. पुढे सोडियमच्या जागी एलईडी आले. विजेची बचत झाली ती खरीच. मात्र खोलीला उष्णता कमी मिळाल्यानं एसी कमी चालू लागला आणि तो जाता जाता जी ओल काढायचा, तीही डीह्युमिडिफायरच्या वाट्याला आली. दिवे बदलताना ज्यांनी यंत्रांचं गणित नव्यानं मांडलं नाही, त्यांना याचा फटका बसला.

हा फटका बुरशीच्या रूपानं बसतो. दाट कळीच्या गाभ्यात बोट्रायटिस शिरली की बाहेरून दिसेपर्यंत आतलं सगळं कुजलेलं असतं. अ‍ॅस्परजिलस तर ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांच्या जिवाशी खेळू शकते, आणि औषध म्हणून गांजा घेणाऱ्यांत असे रुग्ण असतात. म्हणूनच वाळवणीच्या खोलीतलं यंत्र मी लागवडीच्या यंत्राइतकंच महत्त्वाचं मानतो. २०१८ मध्ये एएसटीएम या मानक संस्थेनं सुकलेल्या फुलांतल्या पाण्याच्या सक्रियतेची, म्हणजे बुरशीला वापरता येणाऱ्या पाण्याच्या मापाची, मर्यादा ०.५५ ते ०.६५ अशी ठरवली, हे फार चांगलं झालं. वाळवणीच्या थंड खोलीत साध्या यंत्राच्या कॉइलवर बर्फ धरतं. तिथं ओल शोषणाऱ्या रसायनाचं चाक असलेलं यंत्र उपयोगी पडतं. ते महाग असतं आणि चाक पुन्हा सुकवायला त्याला उष्णता पुरवावी लागते.

विजेचा हिशोब या सगळ्या काळावर पसरलेला आहे. ऊर्जा संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्येच अंदाज मांडला होता, की बंदिस्त गांजा लागवड अमेरिकेतली सुमारे एक टक्का वीज वापरते. २०२१ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक किलो सुक्या फुलामागे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतक्या उत्सर्जनाचा अंदाज काढला. जागा कुठली, तिथली हवा कशी, यावर हा फरक. जिथं ऊन आणि कोरडा वारा फुकट मिळतो, तिथं गोदामात झाडं कोंडण्याचं समर्थन मला करवत नाही. पण जिथं बंद खोलीच हवी, तिथं नियम तरी हवेत. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या इमारत नियमांत अशा खोल्यांतली ओल कोणत्या पद्धतींनी काढावी हे लिहून दिलं. एसीनं हवा गार करून ओल काढायची आणि मग तीच हवा पुन्हा तापवायची असेल, तर त्या तापवण्यातली वर्षाची किमान ७५ टक्के उष्णता तिथंच वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळवणं बंधनकारक केलं.

आज जाणता अभियंता खोलीचं क्षेत्रफळ नंतर विचारतो. झाडं रोज किती लिटर पाणी पितात, दिवे विझल्यावर तापमान किती उतरतं आणि शेवटच्या आठवड्यांत आर्द्रता किती हवी, हे त्याला आधी कळायला हवं असतं. मग तो पुरवठादाराकडून त्याच तापमानाची आणि त्याच आर्द्रतेची क्षमता लेखी मागतो, एका युनिट विजेत किती लिटर पाणी निघतं ते तपासतो आणि एका मोठ्या यंत्राऐवजी दोन-तीन लावतो, म्हणजे फुलोऱ्याच्या ऐन भरात एक बंद पडलं तरी बाकीची ओल आवरतात.