पांढर सपाट झाली

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका गावात क्रीडांगण झालं. नदीकाठचं पांढर म्हणतात ते टेकाड जेसीबीनं चार दिवसांत सपाट केलं. मी पोचलो तेव्हा कडेच्या ढिगाऱ्यात राखट माती होती आणि तिच्यात खापराचा लाल तुकडा, वर काळ्या रेघा. नखानं वाजवला, खणखणला. जोर्वे संस्कृतीचं भांडं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं.

आपल्याकडे शेत ती काळी आणि वस्ती ती पांढरी. म्हणजे त्या टेकाडाखाली काय असणार, हे नावातच होतं.

१९५०-५१चं जोर्व्याचं उत्खनन, १९५८चा प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा, हे मी पुस्तकात वाचलं. अनुभवलं ते सत्तरचं दशक. घोड नदीकाठी इनामगावला १९६८पासून डेक्कन कॉलेजचं उत्खनन चालू होतं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे तिथले पुरातत्त्वज्ञ. सुट्टीत मी घमेली उचलायला जायचो. एकदा चोपलेल्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली दोन मडकी निघाली. आत तान्ह्या मुलाची हाडं. आईबापांनी लेकरू घरातच ठेवलं होतं. त्या दिवशी मला घास गेला नाही.

अशा जागा शोधायचं सर्वेक्षण तरी तेव्हा काय असायचं? नदीकाठ पायी पालथा घालायचा, पांढरीवर खापरं वेचायची, नकाशावर खूण करायची. गावकरी तेव्हाही पांढरी माती खत म्हणून गाडीनं शेतात न्यायचे, नुकसान तेव्हाही व्हायचंच. पण हातातलं फावडं थांबू शकतं. १९७४ साली दायमाबादला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, ते कुदळ माणसाच्या हातात होती म्हणून. जेसीबीच्या बकेटला काय कळणार!

पुढच्या वर्षांत मोठा बदल एकच. १९५८च्या त्या कायद्याच्या २०१०च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवरचं नियंत्रण कायद्यातच आलं. यादीत नसलेल्या पांढरीला त्याचा काही उपयोग नाही. आमच्या त्या गावात सातबारा पाहिला, मोजणी केली, अंदाजपत्रक केलं. खापरं कुणीच पाहिली नाहीत. याची मला अजून चीड येते.

पोरांना मैदान हवंच, म्हाताऱ्यांना बागही हवी. दोन्ही शेजारच्या पडीक जमिनीवर झाली असती. तुमच्या गावात अशी पांढर असेल, तर नारळ फुटण्याआधी एखाद्या जाणकाराला दोन दिवस तिच्यावरून फिरू द्या. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडा.