लोकल स्वस्त, बस महाग : कारागिराच्या प्रवासखर्चाचा हिशेब

मुंबईत धंदा करणारा प्रत्येक व्यापारी दुकानाचे भाडे, वीजबिल आणि हमाली यांचा हिशेब ठेवतो. आपला नोकर किंवा कारागीर घरून दुकानापर्यंत किती पैसे खर्चून येतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. हा खर्च शेवटी पगाराच्या मागणीत आणि उशिरा उघडणाऱ्या दुकानात दिसतोच.

एक उदाहरण घेऊ. मालवणीत राहणारा माणूस मंगलदास मार्केटमध्ये कामाला आहे. मालाड ते मरीन लाइन्स हा लोकलचा प्रवास पंचवीस किलोमीटरहून जास्त आहे. त्याचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सव्वादोनशे रुपयांच्या आत मिळतो. मात्र घरापासून मालाड स्टेशनपर्यंत बस लागते. 9 मे 2025 पासून बेस्टचे किमान भाडे 5 वरून 10 रुपये झाले, वातानुकूलित बसचे 6 वरून 12 रुपये. महिन्याचे 26 दिवस आणि 52 फेऱ्या धरल्या तर साध्या बसचे 520 रुपये होतात, वातानुकूलित बसचे 624. पूर्वी हेच 260 आणि 312 होते. म्हणजे पाच किलोमीटरच्या आतल्या बसला लोकलच्या पासाच्या दुपटीहून अधिक पैसे पडतात. बस आलीच नाही तर शेअर रिक्षा. एकट्याने मीटरची रिक्षा केली तर फेब्रुवारी 2025 पासून सुरुवातच 26 रुपयांनी होते.

ही तफावत का?

रेल्वेचा मासिक पास साधारण 15 एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. जून 2014 मध्ये तो 30 फेऱ्यांच्या हिशेबाने आकारण्याचे ठरले होते. पण ओरड होताच काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. प्रवासी गाड्यांचा तोटा रेल्वे देशभरच्या मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढते. बेस्टला असा आधार उरलेला नाही. पूर्वी तिच्या वीज विभागाच्या कमाईतून बसचा तोटा निघत असे. तो मार्ग बंद झाला आणि आता महापालिकेच्या मदतीवर भिस्त आहे. एके काळी चार हजारांहून अधिक असलेल्या बस आता तीन हजारांच्या आत आल्या आहेत. त्यांतही बहुतेक भाडेतत्त्वावरच्या आहेत. बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे असतात आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देते.

जुलै 2019 मध्ये किमान भाडे 8 वरून 5 रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी वाढले होते. म्हणजे गिऱ्हाईक आहे. त्याला हवी आहे परवडणारी आणि वेळेवर येणारी बस.

बाजाराचा संबंध

मुंबईतली पहिली मोटार बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. म्हणजे ती थेट कापडबाजाराच्या दारात येत होती. मस्जिद बंदर आणि मरीन लाइन्स या स्टेशनांवरून पायी येता येते, हाही त्या बाजाराच्या बरकतीचा एक आधार आहे. मालवणी किंवा गोवंडीच्या शिवाजीनगरला ही सोय नाही. तिथल्या कारागिराला आणि छोट्या दुकानदाराला स्टेशनपर्यंतची बस हीच बाजाराची वाट आहे.

आपण काय करू शकतो?

1) नवा माणूस ठेवताना लोकलचा पास आणि बसभाडे वेगवेगळे विचारा. बसभाडे दुप्पट झाले तर पगाराच्या बोलणीत त्याचा विचार व्हावा.

2) उपनगरात गाळा घेताना स्टेशनपासूनचे अंतर पाहाच, पण संध्याकाळी सात ते नऊ स्टॉपवर उभे राहून किती बस येतात तेही मोजा.

3) स्टेशन रोडवर आपलाच टेम्पो भर गर्दीत उतरत असेल तर बस अडते. अडकलेली बस दिवसाला कमी फेऱ्या करते. माल सकाळी आठच्या आधी किंवा दुपारी उतरवा.

4) तक्रार करायची तर मार्ग क्रमांक, स्टॉप आणि न आलेल्या फेऱ्यांच्या वेळा यांची आठवडाभराची नोंद करून व्यापारी मंडळातर्फे डेपोत द्या. ‘बस नाही’ एवढ्याच तोंडी तक्रारीची दखल घेतली जात नाही.

मालकाला चार किलोमीटर किरकोळ वाटतात. कारागिराला त्याचे महिन्याला पाचशे रुपये मोजावे लागतात.