बातमीदाराचे नाव आणि वॉरंटाचा कागद

जुगाराच्या अड्ड्यावरील छाप्याची फिर्याद बहुधा ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली’ या ठरीव वाक्याने सुरू होते, आणि तो बातमीदार कोण हे आरोपीला शेवटपर्यंत कळत नाही. कारण गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, ही १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १२५ मधील तरतूद २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही कायम ठेवली आहे. मटक्याचा आकडा लिहून घेणारा आणि त्याची खबर देणारा पुष्कळदा एकाच गल्लीत राहत असल्याने या संरक्षणाची गरज उघड आहे. ते संरक्षण मात्र बातमीच्या उगमापुरतेच आहे. खुणेची नोट घेऊन अड्ड्यावर गेलेले बनावट गिऱ्हाईक, म्हणजे पंटर, हा व्यवहारात स्वतः भाग घेणारा असल्याने त्याची गोष्ट वेगळी.

नाव असे झाकले गेले की सारा भार वॉरंटावर येतो. उघड्या रस्त्यावरील जुगाराला १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार वॉरंट लागत नाही. परंतु पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर बंद घरात शिरायचे, तर कलम ६ खाली प्रत्येक प्रकरणी विशेष वॉरंट लागते, आणि ते देणाऱ्या दंडाधिकाऱ्याने वा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने, आवश्यक वाटेल ती चौकशी करून, संशयाला सबळ कारण असल्याची खात्री करून घ्यायची असते. या खात्रीला एवढे मोल येते ते कलम ७ मुळे: रीतसर छाप्यात जुगाराची साधने सापडली, की ती जागा जुगारगृह होती आणि तेथील माणसे जुगारासाठीच जमली होती असे, प्रत्यक्ष खेळ कोणी पाहिला नसला तरी, गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर पडते. वॉरंट सदोष ठरले, तर जप्त माल पुरावा म्हणून बाद होतोच असे नाही, पण या गृहीतकाचा आधार निसटतो.

नाव झाकलेल्या बातमीवर अशी खात्री कशी व्हावी, हा प्रश्न इतरत्रही आला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सेंट लुईसमधील स्पिनेली खटल्यात, दोन टेलिफोनांवर पैजा घेतल्या जातात या बातमीवर काढलेले वॉरंट अपुरे ठरवून शिक्षा रद्द केली, कारण बातमीदार विश्वासू का आणि त्याला हे कळले कसे, याचा शपथपत्रात पत्ता नव्हता. १९८३ च्या गेट्स निकालाने ही कसोटी पुढे सैल केली. नाव उघड न करताही या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतात. छापील नमुन्यात नुसता पत्ता आणि तारीख भरून काढलेल्या वॉरंटात ती उमटत नाहीत, आणि त्यावर सही करणारा अधिकारी साक्षीला आला, तर त्याला बातमीदार कोण हे सांगण्यास भाग पाडता येत नसले, तरी आपण कोणती चौकशी केली, हे विचारता येते.