धबधबा पाहुण्यांचा, खर्च गावाचा

पावसाळा स्थिरावला, की मुंबई, ठाणे आणि नाशिकच्या पर्यटकांची पावले जव्हारकडे वळू लागतात. 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' ही जव्हारची जुनी ओळख. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ती अजून पुसलेली नाही. गावापासून सुमारे वीस किलोमीटरवर लेंडी नदी सुमारे तीनशे फूट खोल कोसळते. हाच दाभोशाचा धबधबा. शनिवार-रविवारी येथे मोटारींच्या रांगा लागतात. संध्याकाळी मोटारी परततात आणि मागे उरतात प्लॅस्टिकच्या बाटल्या, चिखलाने उखडलेली वाट आणि एक प्रश्न : ही वाट दुरुस्त करायची कोणी आणि कोणाच्या पैशांतून?

प्रश्न साधा वाटतो. उत्तर तितके साधे नाही. जव्हार शहरात नगरपरिषद आहे आणि ती संस्थानकाळातली, १९१८ सालची आहे. दाभोशात मात्र कारभार ग्रामपंचायतीचा. तिच्या उत्पन्नाचा कणा म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. कुडाच्या भिंतींच्या घरांवर पट्टी आकारून किती पैसा उभा राहणार? शिवाय पर्यटक जो कर भरतो, तो गावात थांबत नाही. हॉटेलच्या बिलावरचा वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्याकडे जातो, पेट्रोलवरचा करही त्यांच्याकडेच जातो. गावाच्या वाट्याला गर्दी तेवढी येते.

सरकारी अनुदानाचे काय, असे कोणी विचारील. ते मिळते, पण त्याचे गणित जनगणनेतील डोकी मोजते. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानात राज्यांचा वाटा ठरवताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के महत्त्व दिले. रविवारी येऊन जाणारा पाहुणा या हिशेबात कोठेच बसत नाही. त्याचा कचरा मात्र गावातच राहतो.

दोन हंगामांचे गाव

दाभोसा आणि परिसरातील पाड्यांचे वर्ष दोन तुकड्यांत विभागलेले आहे. पावसाळ्यात नागली, वरई आणि भाताची लावणी असते, तेव्हा माणसे गावात असतात. पर्यटकही नेमके तेव्हाच येतात. पिके निघाली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसईकडे जातात. पर्यटकही तोवर ओसरलेला असतो. मागे राहणाऱ्यांसाठी उन्हाळा म्हणजे पाण्याची पायपीट. वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जव्हार-मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. तीव्र उतार आणि काळा कातळ पाणी धरून ठेवत नाहीत. जे पाणी धबधबा होऊन पाहुण्याला सुखावते, तेच चार महिन्यांत वाहून जाते.

म्हणूनच येथे कर आणि सेवा यांचा तोल म्हणजे, पावसाळ्यात आलेला पैसा उन्हाळ्यातील गरजेपर्यंत कसा पोहोचवायचा, हा प्रश्न आहे.

कायद्यात वाट आहे

ग्रामपंचायतीला अधिकार नाहीत, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये घरपट्टीखेरीज यात्राकर, जत्रा व करमणुकीवरील कर, दुकाने आणि हॉटेलांवरील कर, सामान्य आरोग्यरक्षण उपकर अशी मोठी यादी आहे. बैलगाड्या आणि टांगे उभे करण्याच्या तळावर फी घेण्याची तरतूदही त्यात आहे. टांगे गेले, मोटारी आल्या. तळाचा खर्च मात्र गावाच्याच माथी राहिला. वस्तू व सेवा कर आणणाऱ्या २०१६ च्या घटनादुरुस्तीनेही करमणूक कर पंचायती व नगरपालिकांसाठी राखून ठेवला आहे.

दाभोसा अनुसूचित क्षेत्रात येते. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले विशेष स्थानही येथे लागू आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांत ग्रामसभेच्या स्वतंत्र कोषाची तरतूद आहे. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अशा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णयही २०१५ मध्ये झाला. पर्यटकांकडून मिळणारी रक्कम अशा कोषात वेगळी ठेवता आली, तर तिचा हिशेब गावाच्या डोळ्यांसमोर राहील.

इतरांनी काय केले?

माथेरानला दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. तेथे आसपासच्या गावांची समिती वन विभागासोबत प्रवेशशुल्क घेते आणि गावातील तरुणांना रखवालदार, मार्गदर्शक म्हणून काम देते. इटलीतील व्हेनिस शहराने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो घेण्यास सुरुवात केली. तिन्हींमागील तत्त्व एकच : सेवेवर ज्याचा भार, त्याचा खर्चातही वाटा.

दाभोशापुरता एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल. हंगामातील दहा शनिवार-रविवार, म्हणजे वीस दिवस, रोज पाचशे पाहुणे आणि माणशी वीस रुपये धरले, तर दोन लाख रुपये जमतात. गावातील सहा जणांना रोज पाचशे रुपये देऊन या वीस दिवसांसाठी रखवाली आणि सफाईला ठेवले, तर साठ हजार खर्च होतात. उरलेल्या एक लाख चाळीस हजारांत शौचालयाची देखभाल आणि एखाद्या पाड्यावरील विहिरीची दुरुस्ती होऊ शकते. रक्कम मोठी नाही, पण लहान ग्रामपंचायतीसाठी ती नगण्यही नाही.

पावतीमागची जबाबदारी

अडचणीही आहेत. जेथे वनजमीन लागते, तेथे वन विभागाची संमती हवी. एका वळणावर ग्रामपंचायतीची पावती आणि पुढच्या वळणावर दुसऱ्याची, असे झाले तर पर्यटक वैतागतो आणि त्याचा विश्वास उडतो. अतिवृष्टीत प्रशासन धबधब्यांवर जाण्यास मनाई करते. त्या दिवशी उत्पन्न शून्य आणि रखवालीची गरज मात्र दुप्पट. ही काळजी अनाठायी नाही. २०२४ च्या मे महिन्यात दाभोशात उंचावरून पाण्यात उडी घेतलेल्या एका तरुणाला प्राण गमवावे लागले. पैसे घेतले, की कठडा, दोर, सूचनाफलक आणि वेळेवर हटकणारा माणूस देण्याची जबाबदारीही आली.

तेव्हा सूत्र असे असावे : शुल्क एकच, पावती एकच. पैसा वेगळ्या खात्यात. निम्मा पर्यटकांच्या सोयी व सुरक्षेसाठी, निम्मा गावाच्या पाण्यासाठी. जमाखर्च दरवर्षी दिवाळीपूर्वी, म्हणजे माणसे मजुरीसाठी बाहेर पडण्याआधी, ग्रामसभेत वाचला जावा आणि फलकावर लिहिला जावा. गावकऱ्याची घरपट्टी वाढवून पाहुण्यांची बडदास्त ठेवणे अन्यायाचे आहे. पाहुण्याकडून पैसे घेऊन त्याला चिखलात सोडणेही तितकेच अन्यायाचे.

शहरी वाचकाने एवढेच करावे. धबधब्यावर कोणी वीस रुपये मागितले, तर कपाळाला आठ्या न घालता द्यावेत आणि पावती मात्र आवर्जून मागावी.