सारंगीची तात आणि मोत्याचे दात

गवयाच्या घरी कुत्र्याचे पिल्लू आणू नये, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. आता मीच सांगतो, की जरूर आणावे. पण त्याआधी घरातली वाद्ये खुंटीवर चढवावीत. सारंगीच्या मुख्य तारा म्हणजे आतड्याची तात, आणि तिच्या पोटावर बकऱ्याचे कातडे. तबल्याची पुडी कातड्याची, वादीही कातड्याचीच. आपण ज्याला साज म्हणतो तो पिल्लाच्या लेखी फराळ असतो, ही साधी गोष्ट जन्मभर वाद्यांत वावरूनही माझ्या ध्यानात आली नव्हती.

माझे वडील बडोदे दरबारचे सारंगिये. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम चौदा वर्षांचे. आजोबांच्या मागे बसून कलावंत कारखान्यात नुकतेच साथीला लागलेले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. ते गेल्यावर त्यांची सारंगी गवसणीत घालून शिकवणीच्या खोलीत कोपऱ्याला उभी करून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारात एका ओट्याखाली कुत्री व्याली, आणि धाकट्या चिरंजीवांनी त्यातले एक पिल्लू मागितले. नाव ठेवले मोत्या. मराठी घरात कुत्र्याला दुसरे नाव शोधावे लागत नाही.

आठ आठवडे त्याला आम्ही आईजवळच राहू दिले, हे एक शहाणपण आमच्या हातून घडले. भावंडांशी खेळताना पिल्लू एक विद्या शिकते : किती जोराने चावले म्हणजे दुसरा कळवळतो आणि खेळ मोडतो. हा पाठ अर्धवट राहिला, तर तो पुढे आपल्या पोटऱ्यांवर पुरा होतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई केली आहे, ती उगाच नव्हे.

लसीच्या बाबतीत मात्र चालढकल नको. पहिली टोचणी सहा ते आठ आठवड्यांची, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. पिसाळीची लस तिसऱ्या महिन्यात. ‘देशी कुत्र्याला कसली लस?’ असे म्हणणारे शेजारी प्रत्येक आळीत असतात. पार्वो नावाचा रोग जात पाहत नाही, आणि त्याचे विष मातीत महिनेन् महिने टिकते. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नये. कडेवर घेऊन जग दाखवावे. कारण तीन महिन्यांच्या आतबाहेर त्याने जे पाहिले-ऐकले, त्याचे भय पुढे कमी राहते. मोत्याला आम्ही गणपतीतले ढोल असेच लांबून, खिडकीतून ऐकवले. आणि त्याचे दात लागून रक्त आले, तर खेळ म्हणून सोडून देऊ नये; जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

खाण्याविषयी आमच्या आईशी मोठा वाद झाला. तिने सत्यनारायणाचा शिरा बशीत काढला होता, बेदाण्यांसकट. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही त्याला विषच. “अरे, प्रसादाने कधी कोणाचे वाईट झाले आहे का?” असे म्हणत तिने बशी उचलली खरी, पण दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलली.

आता मुख्य गोष्ट. एके दिवशी बाहेरून आलो तो गवसणी फाटलेली, एक तात लोंबते आहे, दुसरीचा वीतभर तुकडाच नाही, आणि मोत्या शेजारी गाढ झोपलेला. मी वर्तमानपत्राची सुरळी केली (आपण वाचता आहात तसल्याच) आणि झोपेतून उठवून त्याला मारले. दोन-तीनदाच, पण तो जमिनीला चिकटला आणि तिथेच त्याला लघवी झाली. पशुवैद्यांकडे नेले ते तातेच्या काळजीने, कारण दोरा किंवा तात पोटात गेली तर आतडे अडू शकते. सुदैवाने ती बाहेर पडली. मार मात्र आतच राहिला. करणी आणि शिक्षा यांत काही मिनिटे गेली तरी पिल्लाला त्यांचा संबंध कळत नाही, हे मला पशुवैद्यांनी नंतर सांगितले. मोत्याला सारंगी कळली नव्हती. कळला होता तो माझा उगारलेला हात.

आणि गवयाचा हात तर घडोघडी वर जातो. तान घेताना मी हात उचलला की तो उठून पळे. एका विद्यार्थिनीने, दहा वर्षांच्या पोरीने, सरळ विचारले, “सर, तुम्ही त्याला मारता का?” मला उत्तर सुचले नाही. वडिलांचा गज माझ्याही बोटांवर पडलेला आहे. सारंगी मी सोडली ती त्या धाकानेच. गळा तेवढा माझा राहिला.

मग मी पलटा शिकवावा तशी विलंबित लयीत सुरुवात केली. रोज ठरल्या वेळी जमिनीवर बसायचे, त्याच्याकडे पाहायचे नाही. हात गुडघ्याएवढा उचलायचा आणि लगेच पोळीचा तुकडा द्यायचा. तो बिचकला की हात पुन्हा खाली. चार दिवसांनी कमरेएवढा, मग खांद्याएवढा. दीड महिना लागला. घरात सर्वांनी एकच शब्द वापरायचा, हाही नियम केला. पूर्वी सौभाग्यवती ‘नको’ म्हणत, मुले ‘नो’ म्हणत, आणि आई ‘हाड्’ म्हणे. चावायला जुन्या सुती फडक्याची ओली गाठ दिली, फाटू लागली की बदलली. कारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात आणि हिरड्या शिवशिवतात. सारंगी खुंटीवर गेली.

तिच्यावर नवी तात चढवून घेतली आहे. वाजवणारे घरात कोणी नाही. तरी महिन्यातून एकदा मी ती उतरवतो, पुसतो आणि गज फिरवून पाहतो. मोत्या त्या वेळी दाराशी कान टवकारून बसतो, आत येत नाही. शिकवणीला मात्र तो तंबोऱ्याजवळ येऊन झोपतो. माझा हात वर गेला की आता पळत नाही. तुकडा मिळेल या आशेने समेच्या आधीच उठून बसतो, आणि साऱ्या वर्गाची लय चुकते.